रापणीची हाक

प्रिय रम्लत,

माझा फोन माझ्याकडे नाही. तो बिघडला नव्हता, तरी अप्पांनी दुरुस्तीला दिला आहे, आणि दुरुस्त करणाऱ्याला कसलीच घाई नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे. आपण एकमेकींना कधी पत्र लिहिलं नाही; तुमच्या आणि आमच्या घरामध्ये माडांची एक रांग आणि जाळी वाळत घालायची जागा, एवढंच अंतर होतं. आता तू मामांकडे आहेस आणि तिथला पत्ता मला ठाऊक नाही. ज्युलियाना बाईंना ठाऊक आहे. अण्णाच्या लग्नासाठी माझं ब्लाउज त्याच शिवताहेत. परवा माप घ्यायला आल्या तेव्हा आई माझ्या शेजारीच बसून होती. दंडाभोवती टेप गुंडाळत बाई म्हणाल्या, "बारीक झालीस गं. जेवत नाहीस, की जेवू देत नाहीत?" आई म्हणाली, "बाई, तुम्ही माप घ्या." बाई म्हणाल्या, "घेतेय की. तोंडाचं पण घेऊ का?" मग आईला पाणी मागितलं, आणि ती उठून आत गेली तेवढ्यात माझ्या पाठीमागून, टेप न सोडता, म्हणाल्या, "शुक्रवारी रम्लतच्या मामीकडे जायचंय, शिवण आहे. काही द्यायचं असेल तर अस्तराच्या कापडात गुंडाळून ठेव. आणि वळून बघू नकोस, खांदा हलतो."

जे घडलं ते तुला माहीत आहे, तरी मी क्रमाने लिहिणार आहे. क्रमाशिवाय मला विचार करता येत नाही, हे तू आठवीपासून ऐकवत आली आहेस. शिवाय शूटिंगच्या दिवशी तू मंगळुरूला शाळेत शिकवत होतीस, आणि त्या संध्याकाळी मी बंगळुरूला होते. तुमच्या दारापुढे जे दोनदा झालं त्यातलं एक तू आतून ऐकलंस. मी दोन्ही ऐकली आहेत, दोन्ही हेडफोन लावून. आपल्या कोडितोट्यात दोन्ही नीट ऐकलेलं माणूस मी एकटीच आहे, आणि सध्या सगळ्यांना माझी जी काळजी वाटते आहे ती त्यामुळेच.

तर शूटिंग. आमच्या दिग्दर्शकांना, हेब्बार सरांना, किनाऱ्यावरचं जुनं ब्यारी घर हवं होतं. सिनेमातल्या ब्यारी मुसलमान व्यापाऱ्याच्या दारावर गावचे कोळी चालून येतात, तो प्रसंग. कोणी घर देईना. तुझ्या बाप्पांनी आपणहून दिलं. मी त्यांना म्हटलं, काका, लोक दारावर दगड मारतील, खोटे का होईना, तुम्हाला चालेल का? ते म्हणाले, "अगं, तू आवाज घेणार, आपली पोरं ओरडणार, घर माझं. परका कोण आहे यात? तो हिरो तेवढा परका, त्याला चहात साखर कमी घालू." जमावासाठी आमच्याच रापणीवरची, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारी माणसं घेतली होती. माझा अण्णा, तू यतीश म्हणतेस तो, पुढच्या ओळीत. उम्मांनी सगळ्यांना गोळिबजे तळून घातले. लुंग्या वर खोचलेला, हातात थर्मोकोलचे दगड घेतलेला तो जमाव तुमच्या पायऱ्यांवर ओळीने बसून चहा पीत होता. लोकय्य दगड हातात घेऊन म्हणाला, "काका, तुमच्या कौलाला लागला तर भरपाई कोण देणार?" बाप्पा म्हणाले, "आधी लागू तर दे. तुझ्या हातून कधी जाळं नेमकं पडलंय का पाण्यात?"

अडचण आली ती ओरडण्याची. सिनेमातली ओळ साधी होती: दार उघड, किनारा आमचा. पण हेब्बार सरांनी हात खाली केला की कोणी आधी ओरडायचं, कोणी नंतर, आणि अर्धे हसायचे. आपली माणसं एकत्र आवाज काढतात ते एकाच कामाला, रापण ओढताना. एकाने हाक द्यायची, "ओ बेले", बाकीच्यांनी "ऐसा" म्हणत दोर ओढायचा. हाकेशिवाय त्यांचा घसा उघडत नाही. शेवटी बाप्पाच उठले. माझ्या माइकच्या बाजूला उभे राहिले, स्वतःच्या दाराकडे तोंड केलं आणि हाक दिली. जमावाने त्यावर सिनेमाची ओळ धरली. पहिल्यांदाच सगळे एका वेळी ओरडले. अंगावर काटा आला असं मी लिहिणार नाही, कारण मी तेव्हा आवाजाची पातळी बघत होते. पण हे लक्षात आलं होतं की काकांची हाक मी दोन वर्षांनी ऐकते आहे. ब्यारींनी दोराला हात लावायचा नाही असं आमच्या सभेत ठरल्यापासून ते रापणीच्या वेळी किनाऱ्यावर आलेच नव्हते.

त्यांची हाक तुला आठवते. दुसऱ्या कुठल्याही गावात "बेले" म्हटलं की लगेच ओढ बसते. काका "बेले"नंतर थांबायचे. किंचितच. दोराच्या शेपटाला म्हातारे आणि पोरं असायची, त्यांची पकड बसावी म्हणून. आपण दोघी तिथेच असायचो. दोराला हात लागला की वाटा, मग तो हात कोणाचाही असो, म्हणून तू दोन बोटं लावायचीस आणि मी एक, आणि तरीही दोघींना सारखेच बांगडे मिळतात यावर मी काकांशी भांडले होते. त्यांनी मला एक बांगडा जास्त दिला आणि म्हणाले, "हिशेब करणारीचा वेगळा वाटा." अण्णाने हाक त्यांच्याकडूनच उचलली, थांबण्यासकट. दोन वर्षं आता तोच देतो. मी घरी असले की सकाळी त्या हाकेनेच जागी होते.

हेब्बार सरांना ते पसंत पडलं नाही. "हे लोक दंगल करताहेत की मासे ओढताहेत?" असं म्हणाले, आणि खरं होतं ते. दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या मैदानात एकेकाला वेगळं उभं करून ओरडायला लावलं, आणि मी ते आवाज नंतर एकात एक मिसळले. सिनेमात तेच आहेत. पहिल्या दिवसाचे, काकांच्या हाकेचे, वापरलेच नाहीत. हे नीट लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

मग ती तलवार. आमच्या दैवाच्या, बोब्बर्याच्या तलवारीसारखी एक तलवार सिनेमावाल्यांनी प्लायवूड कापून, वर चंदेरी कागद चिकटवून केली होती, आणि सगळं सामान तुमच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं. ते लोक सामान न्यायला आठवडाभर आलेच नाहीत. कोणीतरी खिडकीतून फोटो काढला. ब्यारीच्या घरात दैवाची तलवार. देवळातली खरी तलवार जागेवर आहे हे अप्पांना पायऱ्या चढून बघता आलं असतं. ते गावचे गुरिकार, म्हणजे मुखिया, किल्ली त्यांच्याच कनवटीला. त्यांनी बघितलंही, म्हणे. पण फोटो तोवर सगळ्या फोनांवर पोचला होता, आणि सभेत अप्पा नेहमी सगळ्यांच्या शेवटी बोलतात. त्या दिवशी त्यांची पाळी येईपर्यंत सभा उठून गेली होती. बोब्बर्याचा बाप ब्यारी व्यापारी होता हे कोडितोट्यात सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचा जन्म आपण दर वर्षी रात्रभर गाऊन ऐकतो. त्या संध्याकाळी कोणालाच ते आठवलं नाही.

त्यापुढचं तू आतून ऐकलंस. मी तुला सांगण्यासारखं काही नाही. उम्मांच्या दगड लागलेल्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दिसत नाही, एवढं ज्युलियाना बाईंकडून कळलं.

तू मला क्लिप पाठवलीस. खाली एक शब्द नव्हता. क्लिपमध्ये दिसत काहीच नाही, तुमच्या माडीवरच्या खिडकीची बंद झडप आणि तुझा अंगठा. जे आहे ते आवाजात. बंद लाकडातून बारीक आवाज आत येत नाहीत, जाड तेवढे येतात, म्हणून कोण काय बोलतंय ते वेगळं काढता येत नाही. सुरुवातीला नुसता गोंधळ आहे, जो तो आपापलं ओरडतोय. नंतर कोणीतरी हाक देतं. "ओ बेले." मग ते थांबणं. मग सगळे मिळून, सिनेमाची ओळ: दार उघड, किनारा आमचा. मला वाटतं त्यांना स्वतःचं असं काही ओरडायला सुचलंच नाही. त्याच अंगणात, त्याच दाराकडे तोंड करून एकत्र ओरडायची एक रीत त्यांना आधीच शिकवून झाली होती. हाक कोणाची ते मला पहिल्याच अक्षराला कळलं. मी क्लिप पुन्हा ऐकली नाही. गरज नव्हती.

तुला मी उत्तर पाठवलं नाही. काय लिहायचं ते कळेना म्हणून नाही. जे लिहायचं ते कळत होतं म्हणून.

आता इथलं. तुझी क्लिप पोलिसांकडे गेली, केस उभी राहिली, आणि लोकय्यच्या मेव्हण्याच्या डोक्यातून की कोणाच्या, एक युक्ती निघाली: हा आवाज शूटिंगचा आहे. तोच जमाव, तेच घर, तीच ओळ. म्हणजे रम्लतने शूटिंगचा आवाज कुठून तरी मिळवला, बंद खिडकीच्या चित्रावर चिकटवला आणि गावाला अडकवलं. दगड कोणीतरी बाहेरच्यांनी मारले. आवाज शूटिंगचा आहे हे कोण सांगणार? ज्या बाईने तो घेतला ती. म्हणजे गुरिकारांची मुलगी. मला बंगळुरूहून लग्नाच्या तयारीसाठी म्हणून बोलावून घेतलं. आल्या दिवशी फोन दुरुस्तीला गेला.

घरात कोणीही माझ्याशी वाईट वागत नाही, आणि कठीण आहे ते हेच. आई रोज मला आवडतं ते करते, पत्रोडे, पुळिमुंची, नीर दोसे. दार उघडंच असतं. मी किनाऱ्यावर निघाले की कोणाला तरी नेमकं किनाऱ्यावरच जायचं असतं. मी बस थांब्याकडे वळले की वाटेत भेटणारा म्हणतो, "सुप्रीतक्का, ऊन आहे, चला सोडतो," आणि घरी आणून सोडतो. रात्री आई माझ्या खोलीत निजते, तिच्या खोलीत हल्ली ओल येते म्हणून. वाण्याच्या दुकानात पोरं उठून मला जागा देतात. शाळेत असताना खेकड्यासाठी लावलेला पिंजरा आपण दोघी बघत बसायचो, आठवतं? आत जायचं तोंड चांगलं रुंद असतं, आणि आत खायला असतं.

मागच्या आठवड्यात गावाने दिलेले रै वकील आले. भला माणूस आहे, मला 'तुम्ही' म्हणतो. त्यांनी माझा जबाब आधीच लिहून आणला होता. एकच महत्त्वाचं वाक्य: क्लिपमधील शब्द, माणसे व जागा ही मी चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रित केलेल्या शब्दांशी, माणसांशी व जागेशी जुळतात. म्हणाले, "बाई, यात एक अक्षर खोटं नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तपासून बघा." मी तपासलं. खरंच नाही. शब्द तेच, माणसं तीच, जागा तीच. मी आयुष्यभर नेमकं बोलण्याचा हट्ट धरला, आणि हा माणूस नेमकं लिहून समोर बसला होता. मी म्हटलं, एक ओळ वाढवा, हाक देणारा वेगळा आहे. शूटिंगमध्ये हाक होती ती फक्त पहिल्या दिवशी आणि ती प्रत्येक वेळी रम्लतच्या बाप्पांनी, इदिनब्बा काकांनी दिली आहे. क्लिपमध्ये हाक देणारा दुसरा आहे, म्हणजे क्लिप शूटिंगची नाही. वकिलांनी चष्मा काढला. "मग पुढचा प्रश्न येईल, तो दुसरा कोण." मी म्हटलं, येईल. "आणि तुम्ही सांगाल?" अप्पा उठले आणि विहिरीच्या पंपात काय बिघाड झालाय ते बघायला गेले. पंप चालू होता, त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

वकिलांनी कागद ठेवून दिला आणि ते पाणी प्यायले. जाताना दारात म्हणाले, "त्या पहिल्या दिवसाच्या आवाजांचं काय झालं?" मला तेव्हा माहीत नव्हतं. वाण्याच्या दुकानातून हेब्बार सरांना फोन लावला, बाजूला लोकय्य शेंगदाणे निवडत उभा. सर म्हणाले, "अगं, ते निर्मात्यांनी पुसायला सांगितले. सिनेमात नाहीत, मग उगाच केसमध्ये कशाला? तू पण आता त्यात पडू नकोस, सिनेमा लटकलाय माझा." त्यांचा सिनेमा किनाऱ्यावरच्या माणसांनी धीर करून खरं बोलावं याबद्दल आहे. मी त्यांना दोष देत नाही. शेवटच्या प्रसंगातला संवाद बोलताना नटाचा आवाज तीन वेळा फाटला होता, तेव्हा सर रडले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

अण्णा माझ्याशी बोलला तो एकदाच. मी मागच्या पडवीत बसले होते, तो जाळ्याची भोकं सांधत होता. बराच वेळ शीळ घालत होता, मग थांबला. म्हणाला, "सुप्री, मी काही मागत नाही तुझ्याकडे." मी म्हटलं, मागू नकोस. तो म्हणाला, "दगड मी नाही मारला. तुझी शप्पथ." मी म्हटलं, मारला नसशील. "मी नुसती हाक दिली. सगळे वेडेवाकडे ओरडत होते, कोण कोणाच्या अंगावर जातंय कळत नव्हतं. हाक दिली की सगळे एका जागी राहतात, असं वाटलं. खरंच असं वाटलं गं." मी त्याला म्हटलं, हाक दिल्यावर ओढतातच, अण्णा, त्याचसाठी असते ती. त्याने सुई जाळ्यात तशीच ठेवली. नंतर म्हणाला, "उम्माला दिसत नाही म्हणे." मी हो म्हटलं. तो उठून गेला. जाळं अजून तसंच पडलं आहे.

तू अण्णाला माझ्याइतकंच ओळखतेस, तरी एक गोष्ट तुला माहीत नसेल. मला पुण्याला शिकायला जायचं होतं तेव्हा घरात सभाच बसली होती. आत्या म्हणाली, "मुलगी माइक धरणार? चार पुरुषांच्या पुढ्यात?" अण्णा म्हणाला, "माइकच धरणार आहे, आत्या, कोयता नाही. धरू दे." आणि अप्पा शेवटी बोलायच्या आत त्याने माझी ट्रंक रिक्षात ठेवली होती. मला ऐकायला शिकवलं ते पुण्याने, पण तिथवर पोचवलं ते त्याने. आता तोच कान मी त्याच्यावर लावून बसले आहे. त्याचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. मुलगी चांगली आहे, लाजरी, फोनवर हसते तेवढंच. मी त्याचं नाव घेतलं तर काय काय मोडेल ते मी मनात पुन्हा पुन्हा मांडून बघितलं आहे. आईचं तोंड येतं तिथे मी थांबते.

आणि तुझ्या बाप्पांचा जबाब. रै वकिलांनी तो मला वाचून दाखवला, मोठ्या आनंदाने. गोंगाट होता, मी कोणाला ओळखलं नाही. रम्लत, बाप्पा किनाऱ्यावर डोळे मिटून उभे राहून सांगायचे की डाव्या दोरावर कोणीतरी नुसताच हात ठेवलाय, ओढत नाही. दाराच्या आत उभं राहून त्यांनी स्वतःची हाक दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकली, आणि ओळखली नाही? त्यांना भीती वाटते म्हणून ते गप्प आहेत असं वकिलांना वाटतं. मला तसं वाटत नाही. ते अण्णाला वाचवताहेत असं मला वाटतं, आणि का, ते मला नीट सांगता येत नाही. पण ते गप्प आहेत तोवर तू एकटी खोटी ठरतेस. तुझ्या शाळेत काय चाललंय तेही बाईंकडून कळलं. तुला घरीच बसायला सांगितलंय, केसचा निकाल लागेपर्यंत. म्हणजे तूही तिथे बसून आहेस आणि मी इथे, आणि दोघींना कोंडणारा आवाज एकच आहे.

सोमवारी मला तालुक्याला न्यायचं आहे, जबाबावर सही करायला. अप्पा, आई, वकील, दोन गाड्या. मी गेले काही दिवस काय करत होते ते सांगते. मी सही करायची तयारी करत होते. ते वाक्य मनात इतक्या वेळा म्हटलं की ते माझंच वाटायला लागलं. त्यात खोटं काही नाही. प्रश्न कोणी विचारला नाही तर उत्तर द्यावं लागत नाही. तुला वाटत असेल सुप्री असं करणार नाही. करेल. मी स्वतःला बाहेरून ऐकते तेव्हा मला फार विश्वास वाटत नाही. सोमवारी सकाळी आई माझी वेणी घालेल, आणि मी सही करेन.

म्हणून हे पत्र. अस्तराच्या कापडात, घडीच्या आत, सेलोटेपने चिकटवलेलं एक लहान काळं कार्ड आहे, ते काढून घे. पहिल्या दिवशी सिनेमावाल्यांचं कार्ड चालेना, तेव्हा मी यंत्रात माझं स्वतःचं घातलं होतं, आणि ते माझ्या कानातल्यांच्या डबीत राहून गेलं होतं; नंतर सापडलं. इथे कोणाला ठाऊक नाही. निर्मात्यांनी पुसली ती नक्कल. हे मूळ आहे. ते माझ्याजवळ राहिलं तर मी एक दिवस ते विहिरीत टाकेन, म्हणून तुझ्याकडे पाठवते आहे. ते तुझ्याकडे गेलं की मला त्या वाक्यावर सही करता येत नाही, कारण मग त्यातून जे खोटं भासवायचं आहे ते कोणीही उघडं पाडू शकेल. मला पकडायला मी तुलाच बसवते आहे, दुसरं कोणी सापडलं नाही. सोमवारी मला विचारतील तो दुसरा कोण, आणि मी सांगेन. बाप्पांना सोबत बसवून कार्ड ऐक. सगळे आवाज त्यांच्याच हाकेचे आहेत, उम्मा मधेच चहाला बोलावतात तेही आहे. पण शेवटचा टेक संपल्यावर मी माइक बंद केला नव्हता, तो भाग सोडू नका. काकांना खोकला येतो. ते म्हणतात, "यतीशा, माझा घसा बसला. एकदा तू दे हाक, तुला येते की." आणि अण्णाचा आवाज अगदी स्वच्छ आहे, माइकच्या जवळ उभा होता तो. बाकीचे हसताहेत आणि तो हसत नाही. म्हणतो, "तुम्ही उभे असताना मी कशी देऊ, काका?"

'तुझीच' लिहायचं की नाही हे सोमवारनंतर तू ठरव. आज जुन्या सवयीने लिहिते.

तुझीच,
सुप्री